‘रिप ऑफ’: लुटलं गेल्याचं इंग्रजीत कसं सांगायचं

आपल्याकडच्या मुलांना ‘फसवणं’ म्हटलं की एकच इंग्रजी शब्द आठवतो, ‘चीट’. शाळेत तोच शिकवला जातो आणि तो चुकीचाही नाही. पण नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाच्या किंवा नागपूरच्या कॉलेजातल्या मुलीच्या कानावर वारंवार पडतो तो शब्द वेगळाच असतो: ‘रिप ऑफ’. ऑटोवाल्यानं दुप्पट पैसे घेतले, रूम दाखवणाऱ्या एजंटानं डिपॉझिट बुडवलं, ऑनलाइन मागवलेला इयरफोन आठवड्यात बंद पडला, की सोबतचे म्हणतात, ‘यू गॉट रिप्ट ऑफ.’ अर्थ अंदाजानं कळतो. स्वतःच्या तोंडून वाक्य काढायची वेळ आली की मात्र गाडी अडते. लुटणारा कुठे ठेवायचा, लुटलेला कुठे, आणि पैसे कुठे?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवतो. फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे ‘रिप ऑफ’सारख्या क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेल्या जोड्यांच्या, लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा एकच क्रियापद पूर्ण आपलंसं करावं, असं माझं ठाम मत आहे, आणि सुरुवातीला मी हेच घेतो. कापूस, सोयाबीन, संत्रा विकणाऱ्या घरातल्या मुलाला लुटलं जाणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. प्रसंग त्याच्याकडे भरपूर आहेत, वाक्य तेवढं बसवायचं असतं.

आधी मूळ अर्थ

‘रिप’ म्हणजे टर्रकन फाडणं, ओरबाडणं. ‘ऑफ’ म्हणजे जिथे चिकटलेलं होतं तिथून वेगळं. मे महिन्यातल्या वादळानं गोठ्यावरची टिनं उडवून नेली, तर इंग्रजीत म्हणतील: ‘द विंड रिप्ट द टिन शीट्स ऑफ द रूफ.’ पोत्यावरचं लेबल ओढून काढलं: ‘शी रिप्ट द लेबल ऑफ.’ इथवर सगळं सरळ आहे, यात स्लँग, म्हणजे मित्रामित्रांतली बोली, काही नाही.

अंगावरचं, हातातलं ओरबाडून नेणं यातूनच चोरण्या-लुटण्याचा अर्थ निघाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून पुढे आला, तिथल्या तरुणांनी उचलला आणि मग जगभर पसरला. १९९० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत ‘रिप-ऑफ ब्रिटन’ हा शब्दप्रयोग गाजत होता. तक्रार अशी, की गाड्यांपासून किराण्यापर्यंत सगळं शेजारच्या देशांपेक्षा महाग विकलं जातंय. म्हणजे तोवर हा शब्द पार मथळ्यात जाऊन बसला होता. आजचे बहुतेक शब्दकोश त्याला ‘इन्फॉर्मल’ म्हणतात: बोलण्यात चालणारा, कागदोपत्री न चालणारा. या मुद्द्याकडे पुढे सविस्तर येऊ, कारण चूक तिथेच महागात पडते.

स्पेलिंगच्या दोन गोष्टी इथेच पक्क्या करून घ्या. ‘रिप’चा भूतकाळ करताना शेवटचा पी दुप्पट होतो आणि मग ई-डी लागतो. उच्चार मात्र ‘रिप्ट’, ‘रिपेड’ नव्हे. जलद बोलण्यात पुढच्या ‘ऑफ’ला जोडून तो ‘रिप्टॉफ’ असा एकच शब्द ऐकू येतो. व्हिडिओत तो सुटून जातो तो यामुळेच. दुसरं, ‘ऑफ’मध्ये दोन एफ असतात. एकच एफ लिहिला तर तो ‘ऑव्ह’ होतो, म्हणजे आपला चा-ची-चे वाला शब्द. मोबाइल ही चूक बहुधा दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबरच असतात.

ज्याला ‘ले’ लागतं, तो मधोमध

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. सावकाश वाचा.

समजा, खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणारा व्यापारी, गाडी घेऊन दारात आला. घरात लग्न काढलेलं, पैशाची नड, आणि बाजारापर्यंत कापूस न्यायचा तर गाडीभाडं अंगावर येतं. तो काट्याला बोजा लावतो, आकडा स्थिर व्हायच्या आत उतरवतो, वरून ओलाव्याच्या नावाखाली बोज्यामागे किलो-दोन किलो कापतो. भाव सांगतो क्विंटलला साडेसहा हजार. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. गाडी गेल्यावर माय म्हणते, ‘लुटलं आपल्याले त्या मानसानं.’

मायच्या वाक्यात तीन गोष्टी आहेत. लुटणारा: ‘त्या मानसानं’. क्रिया: ‘लुटलं’. लुटलेले: ‘आपल्याले’. इंग्रजीत लुटणारा आधी येतो, मग ‘रिप्ट’, मग लुटलेला, आणि ‘ऑफ’ शेवटी.

‘ही रिप्ट अस ऑफ.’

वऱ्हाडीत ज्याला ‘ले’ लागतं, तोच इंग्रजीत ‘रिप’ आणि ‘ऑफ’ यांच्या मधे जाऊन बसतो. मले, तुले, त्याले, तिले, आमाले, त्यायले यांचं अनुक्रमे मी, यू, हिम, हर, अस, देम. ही जोडी जिभेवर बसली की वाक्य आपोआप बरोबर पडतं. एवढं लक्षात ठेवा की इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. ‘ही रिप्ट मी ऑफ’ म्हणजे ‘त्यानं मले लुटलं’.

सर्वनाम असेल तर ते मधेच येतं, दुसरी सोय नाही. ‘ही रिप्ट ऑफ मी’ हे चूक. सर्वनामाऐवजी नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘ही रिप्ट द फार्मर्स ऑफ’ आणि ‘ही रिप्ट ऑफ द फार्मर्स’. नामाला शेपूट मोठं असेल, म्हणजे ‘आजूबाजूच्या तीन गावांतले शेतकरी’ असं, तर ते ‘ऑफ’च्या पुढेच ठेवा: ‘ही रिप्ट ऑफ द फार्मर्स ऑव्ह थ्री व्हिलेजेस.’ एवढं सगळं मधे कोंबलं तर ऐकणारा ‘ऑफ’ची वाट पाहत बसतो.

आता पैसे आणि वजन कुठे जोडायचे? किती रुपयांना लुटलं ते ‘फॉर’ लावून सांगायचं: ‘ही रिप्ट मी ऑफ फॉर टू थाउजंड रुपीज.’ कशात लुटलं ते ‘ऑन’ लावून: ‘ही रिप्ट अस ऑफ ऑन द वेट.’ आपण ज्याला काटा मारला म्हणतो, त्याच्या जवळ जाणारं हे वाक्य आहे. मुलं बहुतेक वेळा ‘ही रिप्ट ऑफ माय मनी’ लिहितात. ते टाळा. ‘रिप ऑफ’च्या पुढे माणसाऐवजी वस्तू आली की अर्थ चोरीकडे झुकतो: ‘समबडी रिप्ट ऑफ माय बाइक’ म्हणजे कोणीतरी माझी गाडीच चोरली. व्यापाऱ्यानं तुमच्या खिशात हात घातलेला नसतो, त्यानं सौद्यात नाडलेलं असतं. म्हणून वाक्यात माणूस मधे आणि पैसे ‘फॉर’नंतर.

शब्दकोशातही हीच जागा दाखवलेली असते. मोबाइलवर शब्दकोश उघडून ‘रिप’खाली गेलात तर ‘रिप’ आणि ‘ऑफ’च्या मधे ‘समबडी’सारखा पूर्ण शब्द, नाहीतर एस-बी ही दोन अक्षरं दिसतील. ती ‘समबडी’ची खूण आहे, म्हणजे इथे माणूस ठेवा. एस-टी-एच असेल तर ‘समथिंग’, म्हणजे वस्तू. काही शब्दकोशांत ‘ऑफ’च्या आधी दुतोंडी बाण असतो. त्याचा अर्थ, मधली गोष्ट ‘ऑफ’च्या पुढेही नेता येते. कोणतंही फ्रेजल व्हर्ब शोधताना अर्थाच्या आधी ही अक्षरं पाहायची सवय लावून घ्या. फार कामाची आहे.

‘गॉट रिप्ट ऑफ’

प्रत्यक्ष बोलण्यात हा साचा सगळ्यात जास्त ऐकू येतो, कारण लुटलेला माणूस स्वतःबद्दल सांगत असतो. लुटणाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नसतं, किंवा घ्यायचं नसतं. ‘आय गॉट रिप्ट ऑफ’ म्हणजे ‘मी लुटलो गेलो’. ‘आय वॉज रिप्ट ऑफ’ही बरोबर आहे, पण मित्रांत ‘गॉट’च जास्त. कोणी लुटलं ते सांगायचं असेल तर ‘बाय’ जोडा: ‘आय गॉट रिप्ट ऑफ बाय अ रूम एजंट.’

लुटणं चालू असतानाही हे क्रियापद उपयोगी पडतं. सोबतचा मित्र नागपूरच्या बाजारात मोबाइलचं कव्हर दुप्पट भावात घ्यायला निघाला असेल तर हळूच म्हणा, ‘ही इज रिपिंग यू ऑफ.’ दुकानदाराच्या तोंडावर मात्र ‘आर यू ट्रायिंग टू रिप मी ऑफ?’ म्हणू नका. तो सरळ आरोप आहे, भांडण हमखास. भाव पाडायचा असेल तर ‘दॅट्स अ बिट टू मच’ एवढं पुरतं.

रेघेनं जोडलेलं रूप: रिप-ऑफ

मधे छोटी रेघ टाकली की याचं नाम होतं. ‘रिप-ऑफ’ म्हणजे लूट, किमतीच्या मानानं फसवा व्यवहार. उच्चारातही फरक पडतो: क्रियापदात जोर ‘ऑफ’वर, नामात जोर ‘रिप’वर. दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा, ‘ही रिप्ट मी ऑफ’ आणि ‘इट्स अ रिप-ऑफ’. कानाला फरक लगेच कळतो.

पेरणीच्या तोंडावरचं उदाहरण घ्या. बीटी कपाशीच्या बीजी-दोन प्रकारच्या बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवून देतं. २०२५ च्या खरिपात ती ९०१ रुपये होती. एखाद्या वाणाला मागणी वाढली, टंचाई दिसली, की तेच पाकीट चौदाशेला मागितलं जातं. घेणारा घेतोही, कारण मृग गेला तर हंगाम गेला. याला इंग्रजीत म्हणायचं: ‘फोर्टीन हंड्रेड फॉर दॅट पॅकेट? दॅट्स अ रिप-ऑफ.’ चीड जास्त असेल तर ‘अ टोटल रिप-ऑफ’, ‘अ कम्प्लीट रिप-ऑफ’, किंवा नुसतं ‘व्हॉट अ रिप-ऑफ!’ भावाला विशेषण म्हणूनही तो लागतो: ‘रिप-ऑफ प्राइसेस’.

रिप-ऑफ म्हणायला समोरचा खोटं बोललेला असलाच पाहिजे असं नाही. एखादी वस्तू उघडपणे, पाटी लावून, अव्वाच्या सव्वा भावात विकली जात असेल तरी ती रिप-ऑफच. तिथे ‘चीट’ बसत नाही, कारण चीटमध्ये फसवेगिरी लागते. ‘ओव्हरचार्ज’ म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेणं, हा शब्द थंड आणि मोजका आहे. ‘स्कॅम’ म्हणजे आधीपासून रचलेला सापळा. डेटा एंट्रीच्या नोकरीचं आमिष दाखवून नोंदणी फी मागणारा मेसेज हा स्कॅम. त्यात पैसे गेले तर ‘आय गॉट स्कॅम्ड’ म्हणा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त.

संत्र्याच्या सौद्यातली गोष्ट आणखी वेगळी. वरुड-मोर्शीकडे व्यापारी झाडावरच बगीचा घेतो, इसार देतो, आणि तोडणीच्या वेळी बाजार पडलेला असला की येतच नाही. हे रिप ऑफ नव्हे. इंग्रजीत याला ‘बॅक आउट’ म्हणतात: ‘ही बॅक्ड आउट.’ पण तोच व्यापारी माल पिकून गळायला लागल्यावर उगवला आणि नड पाहून निम्म्या भावात बगीचा मागू लागला, तर तिथे ‘रिप ऑफ’ शंभर टक्के बसतं. मुलांना मी हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून विचारतो. घरी बगीचा असलेली मुलं कधी चुकत नाहीत.

नक्कल हा दुसरा अर्थ

‘रिप ऑफ’चा आणखी एक अर्थ आहे: दुसऱ्याची कल्पना, रूप, चाल उचलून आपल्या नावावर खपवणं. ‘दे रिप्ट ऑफ अवर लोगो’ म्हणजे त्यांनी आमचं बोधचिन्ह ढापलं. इथे मात्र बहुधा वस्तू येते, माणूस मधे नसला तरी चालतं. नाम वापरायचं तर पुढे ‘ऑव्ह’ लागतो: ‘धिस पॅकेट इज अ रिप-ऑफ ऑव्ह अ वेल-नोन ब्रँड.’ एक एफ आणि दोन एफ इथे शेजारी-शेजारी येतात, म्हणून हे वाक्य वहीत लिहूनच पाहा.

कृषी केंद्राच्या फळीवर नामांकित औषधासारखा रंग, तशीच बाटली, नावात एखादंच अक्षर इकडचं तिकडे, असा माल दिसतो. तो रिप-ऑफ. पण नाव, कंपनी, सगळं हुबेहूब तेच छापून आत भलतंच भरलेलं असेल तर तो ‘फेक’, कायद्याच्या भाषेत ‘काउंटरफिट’. फवारणी करणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही वाईटच, पण तक्रार करताना कोणता शब्द वापरला यावरून प्रकरणाची दिशा बदलते.

अर्जात हा शब्द नको

स्लँग शिकवताना जो शिक्षक हे सांगत नाही, तो मुलाचं नुकसान करतो असं मला वाटतं. ‘रिप ऑफ’ मित्रांशी, रूमवर, व्हॉट्सअॅपवर, वस्तूबद्दलचा अभिप्राय लिहिताना खुशाल वापरा. मुलाखतीत, बँकेच्या मेलमध्ये, कृषी खात्याच्या किंवा ग्राहक आयोगाच्या अर्जात नाही. तो तुमचा राग सांगतो, काय घडलं ते सांगत नाही. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला किती, कधी, कशाचे, हे हवं असतं.

वरच्या बियाण्याच्या प्रसंगाचं अर्जातलं वाक्य असं होईल: ‘द डीलर चार्ज्ड मी १,४०० रुपीज फॉर अ पॅकेट प्राइस्ड अॅट ९०१ रुपीज.’ यात राग कुठेच नाही, आणि दुकानदाराला पळवाटही नाही. वजनाबद्दल लिहायचं असेल तर ‘द ट्रेडर अंडर-वेड द कॉटन’. खोटी माहिती देऊन विकलं असेल तर ‘ही मिसलेड मी अबाउट द क्वालिटी’. सोबत पावती, पाकिटावरचा टॅग आणि रिकामं पाकीट जपून ठेवा, थोडं बियाणं शिल्लक असेल तर तेही. बियाण्याची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाते. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वगैरे ग्राहकाच्या तक्रारींसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. अर्ज मराठीत केला तर उत्तमच. पण पुण्या-बंगळूरच्या कंपनीशी मेलवर भांडायची वेळ आली तर ही इंग्रजी वाक्यं हाताशी हवीत.

शेजारपाजारचे शब्द

‘रिप अप’ म्हणजे फाडून तुकडे करणं, कागदाचे, कराराचे. ‘रिप आउट’ म्हणजे आतून उपटून काढणं. ‘रिप इंटू’ म्हणजे एखाद्यावर तुटून पडणं, खरडपट्टी काढणं. ‘रिप ऑफ द बँड-एड’ असं ऐकलं तर लुटण्याशी संबंध जोडू नका. जखमेवरची पट्टी एका झटक्यात ओढून काढावी तसं अप्रिय काम पटकन उरकून टाकणं, असा त्याचा अर्थ. आणि कोणी गेल्यावर व्हॉट्सअॅपवर जी आर-आय-पी ही तीन मोठी अक्षरं लिहितात, त्यांचा या क्रियापदाशी काहीही संबंध नाही. ती ‘रेस्ट इन पीस’ची आद्याक्षरं आहेत.

आता तुमची पाळी

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग उत्तर पाहा. ‘ले’ कुणाला लागलंय ते शोधलं की अर्धं काम झालं.

‘त्या एजंटानं मले पाच हजारानं लुटलं.’ उत्तर: ‘दॅट एजंट रिप्ट मी ऑफ फॉर फाइव्ह थाउजंड रुपीज.’

‘तो तुले लुटून रायला.’ उत्तर: ‘ही इज रिपिंग यू ऑफ.’

‘पाण्याची बाटली चाळीस रुपयाले? निरी लूट हाय!’ उत्तर: ‘फोर्टी रुपीज फॉर अ बॉटल ऑव्ह वॉटर? व्हॉट अ रिप-ऑफ!’ इथे ‘ले’ रुपयांना लागलंय, माणसाला नाही. म्हणून क्रियापद नको, नाम घ्या.

‘मागच्या साली संत्र्याच्या सौद्यात आमी लुटल्या गेलो.’ उत्तर: ‘वी गॉट रिप्ट ऑफ ऑन द ऑरेंज डील लास्ट इयर.’

‘गरीब लोक हायेत, त्यायले लुटू नोका.’ उत्तर: ‘दे आर पुअर पीपल. डोन्ट रिप देम ऑफ.’

शेवटचं वाक्य तालुका कृषी अधिकाऱ्याच्या नावानं लिहायचं आहे: ‘दुकानदाराने माझ्याकडून प्रत्येक पाकिटामागे पाचशे रुपये जास्त घेतले.’ उत्तर: ‘द डीलर ओव्हरचार्ज्ड मी बाय फाइव्ह हंड्रेड रुपीज पर पॅकेट.’